अँटीबॉडी निगेटिव्ह, एमआरआयमध्ये गाठ: टेपवर्मची रक्ततपासणी किती मानायची?

मृदुला_वर्तकनगर

नमस्कार मंडळी. दिराला (वय २४) गेल्या महिन्यात फिट आली. याआधी कधीच नाही, घराण्यातही कोणाला नाही. ठाण्यातल्याच एका हॉस्पिटलात नेलं, एमआरआय झाला. रिपोर्टात मेंदूच्या डाव्या बाजूला एक छोटी गाठ, तिच्याभोवती कडं आणि सूज. खाली शेरा: न्यूरोसिस्टिसरकोसिस किंवा ट्युबरक्युलोमा. म्हणजे टेपवर्मच्या अळीची गाठ, नाहीतर टीबीची. डॉक्टरांनी फिटच्या गोळ्या लगेच सुरू केल्या आणि रक्ताची 'सिस्टिसरकस आयजीजी अँटीबॉडी' करायला सांगितली (सिस्टिसरकस म्हणजे तीच अळी, आयजीजी हा अँटीबॉडीचा एक प्रकार). ती आली निगेटिव्ह.

आता घरात तट पडलेत. सासरे म्हणतात रक्तात नाही म्हणजे टेपवर्म नाहीच, टीबीची औषधं चालू करा. नवरा म्हणतो दुसऱ्या लॅबमधून परत करू. सासूबाईंचं तिसरंच, "आपल्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही, डुकराचा किडा येईल कुठून?" डॉक्टरांची पुढची वेळ अजून लांब आहे. या चाचणीतून कोणी गेलं असेल तर सांगा. निगेटिव्ह आली म्हणजे नाही असंच धरतात का? आणि पॉझिटिव्ह आली असती तर प्रश्न मिटला असता का?

खाडीपलीकडचा

आधी कोबी बंद करा. बाकी तज्ज्ञ येतीलच.

अपर्णा_जो

खाडी, ती 'कोबीतला किडा मेंदूत जातो'वाली फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर पावसाळ्यात येते. सोबत लाल वर्तुळ केलेला मेंदूचा फोटो आणि "सर्वांना पाठवा". माझ्या जावेने तेव्हापासून कोबी आणलेला नाही, पाणीपुरी मात्र चालू.

मृदुला, काळजी घे. फिट बघणाऱ्याचीच जास्त घाबरगुंडी उडते, आम्ही गेलोय यातून (कारण वेगळं होतं).

नेरुळचे_काका

माझं प्रकरण तुमच्या बरोब्बर उलटं आहे म्हणून लिहितो.

मला अर्धशिशीचा जुना त्रास. एका लॅबच्या माणसाने घरी येऊन कसलंसं मोठं पॅकेज गळ्यात मारलं, त्यात ही चाचणीही होती. रिपोर्ट आला 'रिॲक्टिव्ह', आकडा मर्यादेच्या जरासा वर. लाल अक्षरात, शेजारी बाण. मुलगी पुण्याहून धावत आली. गूगल करून मंडळींनी माझ्या मेंदूत अळ्यांची वसाहतच वसवली. वाशीच्या न्यूरोलॉजिस्टने एमआरआय काढला, आधीचा जुना सीटीही मागवला. मेंदू स्वच्छ. त्यांनी विचारलं लहानपण कुठे गेलं. मी म्हटलं चिपळूणजवळ खेड्यात, तेव्हा सगळं गाव उघड्यावरच जायचं. ते म्हणाले, मग कधीतरी टेपवर्मची अंडी पोटात गेली असतील, शरीराने त्यांचा बंदोबस्त केला असेल, त्याची खूण उरली. किंवा ती टेस्टच भलत्या कशाला तरी भुलली असेल. औषध काही दिलं नाही. अर्धशिशीची गोळी बदलली, एवढंच.

तेव्हा पॉझिटिव्हने प्रश्न मिटत नाही, मृदुलाताई. माझा तर तिथून सुरू झाला.

सूक्ष्मदर्शी

मी नवी मुंबईतल्या एका लॅबमध्ये सेरॉलॉजीला, म्हणजे अँटीबॉडी तपासणाऱ्या विभागात आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल काही बोलणार नाही. चाचणी कशी होते ते सांगतो, म्हणजे तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

तुमच्या दिराची झाली ती बहुतेक एलायझा असणार. प्लास्टिकची एक प्लेट, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाला किट बनवणाऱ्याने अळीची प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. त्यात आम्ही पातळ केलेलं सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) घालतो. सीरममध्ये त्या प्रथिनांविरुद्धच्या अँटीबॉडी असल्या तर त्या तळाला धरून बसतात. मग प्लेट धुवायची. मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी, जी माणसाच्या आयजीजीला चिकटते. परत धुवायचं. मग एक रसायन घातलं की खळगा निळा होतो, ॲसिड घालून थांबवलं की पिवळा. मशीन ४५० नॅनोमीटरवर तो पिवळेपणा मोजतं. तुमच्या रिपोर्टवरचा आकडा म्हणजे हा पिवळेपणा भागिले किटने आखून दिलेली मर्यादा. काकांसारखा 'जरासा वर' आकडा आला की आम्ही परत लावून बघतो, कारण धुण्यात थोडी हयगय झाली तरी खळगा उगाच पिवळा दिसतो.

गोम आहे तळाला काय चिकटवलंय त्यात. अळीचा सरसकट अर्क वापरला असेल तर त्यात अशी बरीच प्रथिनं असतात जी दुसऱ्या कृमींतही सापडतात. हायडॅटिडचा (कुत्र्याच्या टेपवर्मने होणाऱ्या गाठीचा) रुग्णही मग इथे पॉझिटिव्ह येऊ शकतो.

याला उत्तर म्हणून १९८९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीत (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) त्सांग आणि सहकाऱ्यांनी ईआयटीबी नावाची चाचणी मांडली. मसुराच्या डाळीत एक प्रथिन असतं, लेक्टिन. त्याच्या मदतीने अळीच्या अर्कातून फक्त निवडक सात ग्लायकोप्रोटीनं गाळून घेतात, ती वजनाप्रमाणे वेगळी करून एका कागदी पट्टीवर उतरवतात आणि त्या पट्टीवर रुग्णाचं सीरम घालतात. सातपैकी एक रेघ जरी उमटली तरी पॉझिटिव्ह. मेंदूत दोन किंवा जास्त जिवंत गाठी असतील तर ही चाचणी सुमारे ९८ टक्के रुग्णांना पकडते, आणि भलत्या रोगाला जवळपास भुलत नाही. रक्तावर करून भागते, पाठीतलं पाणी काढावं लागत नाही. अमेरिकेतल्या संसर्गरोग तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ साली छापलेल्या मार्गदर्शक सूचनांत पुष्टीसाठी ईआयटीबीच करा आणि सरसकट अर्काची एलायझा टाळा असं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे ही पट्टी मोजक्या ठिकाणी मिळते. नाक्यावरच्या कलेक्शन सेंटरमधून जाते ती एलायझाच.

आता तुमचा मुद्दा. दिराला गाठ एकच आहे. एकच गाठ असली, त्यातून ती मरायला टेकलेली असली किंवा तिचा चुना झालेला असला (म्हणजे कॅल्शियम साचून कडक झाली असली), तर ईआयटीबीसुद्धा बऱ्याच रुग्णांत निगेटिव्ह येते. एलायझाचं तर विचारूच नका. एवढ्याशा अळीविरुद्ध रक्तभर पुरेल इतकी अँटीबॉडी तयार होतेच असं नाही. आणि भारतात एकच गाठ असणारे रुग्णच जास्त सापडतात. म्हणजे चाचणी जिथे सगळ्यात लंगडी, तिथेच आपल्याकडे तिची मागणी सगळ्यात जास्त.

झुंबर

मग पॉझिटिव्ह आली तरी खात्री नाही, निगेटिव्ह आली तरी खात्री नाही. लॅबवाले विकतात कशाला ही टेस्ट? सरळ बंद करा.

खाडीपलीकडचा

झुंबर, कळलं नाही का? अँटीबॉडी म्हणजे सोसायटीच्या वॉचमनची वही. कोण आला ते लिहिलेलं असतं, गेला का ते कधीच लिहिलेलं नसतं. आणि एकटादुकटा कोणी मागच्या गेटने आला तर त्याची नोंदच नाही.

सूक्ष्मदर्शी

खाडी, पुढच्या ट्रेनिंगला हेच सांगतो :)

झुंबर, बंद करा हे मला पटत नाही. सीटीवर मेंदूत बऱ्याच गाठी दिसतायत आणि त्या अळीच्या का आणखी कशाच्या असा पेच आहे, तिथे ईआयटीबी पॉझिटिव्ह आली तर वजनदार पुरावा असतो. उलट बऱ्याच जिवंत गाठी असून ती निगेटिव्ह आली, तर डॉक्टर दुसरं काही शोधायला लागतात. चाचणी वाईट नाही. डोकं दुखतंय म्हणून सरसकट पॅकेजमध्ये घालणं वाईट.

आकडेमोड्या

काकांच्या पॅकेजवर एक गणित. आकडे मी मनाचे घेतोय, फक्त समजण्यापुरते.

डोकं दुखतं म्हणून आलेले १००० जण धरा. त्यातल्या ५ जणांच्या मेंदूत खरंच अळी आहे असं समजू. चाचणी ५ पैकी ४ पकडते. उरलेल्या ९९५ निरोग्यांपैकी १०० मागे ८ जणांना ती खोटी पॉझिटिव्ह दाखवते, म्हणजे ८० जण झाले. एकूण लाल बाण ८४, त्यांत खरे ४. लाल बाण मिळालेल्या दर २१ जणांत एकाला रोग, २० जणांना नुसती झोप नाही.

हीच चाचणी आधी स्कॅन बघून, संशय बळकट असलेल्यांवर वापरा. १०० जण घ्या, त्यांत ६० जणांना खरंच आहे असं धरा. चाचणी ४८ पकडेल आणि खोटे निघतील ३ च्या आसपास. चाचणी तीच, किटही तेच. बदललं काय, तर कोणाला लावली ते.

झुंबर

ठीक, मागे घेतो. पण मग मृदुलाताईंच्या दिराला का लावली? एक गाठ स्कॅनमध्ये दिसतच होती की.

अनुराधा_नौपाडा

मी फिजिशियन होते, आता निवृत्त. दिराचे फोटो मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

झुंबर, का लावली याचं उत्तर त्या रिपोर्टातल्या 'किंवा'मध्ये आहे. टीबी आणि टेपवर्म दोन्ही आपल्या देशात भरपूर, आणि मेंदूतली छोटी कडेदार गाठ दोन्हींत दिसते. एक काळ असा होता की फिट आलेल्या तरुण माणसाच्या सीटीत अशी एकुलती छोटी गाठ दिसली की ती टीबीची मानून एकेक दीड-दीड वर्ष टीबीची औषधं चालायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. चंडी, डॉ. राजशेखर यांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीच्या सुरुवातीला अशा गाठींचा पाठपुरावा केला, काही काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. बहुतेक मरणाऱ्या सिस्टिसरकसच्या निघाल्या. त्यांनी मग खुणा बांधून दिल्या: गाठ २० मिलिमीटरपेक्षा लहान, कड गुळगुळीत, मेंदूचा मध्य सरकलेला नाही, रुग्णाला फिट आली पण वाढत जाणारा अशक्तपणा, सततची डोकेदुखी-उलट्या नाहीत, अंगात दुसरीकडे टीबी नाही. इतकं जुळलं तर ती टेपवर्मची असण्याची शक्यता फार मोठी. रक्ताचा रिपोर्ट काहीही येवो.

गाठीच्या आत छोटा ठिपका दिसला, अळीचं डोकं, तर मग प्रश्नच उरत नाही. तो स्कोलेक्स. रेडिओलॉजिस्टला मुद्दाम विचारा, "स्कोलेक्स दिसतो का?" कधी एमआरआयमध्ये निसटतं ते साध्या सीटीत सापडतं, विशेषतः चुना झालेले ठिपके. म्हणून दोन्ही काढायला सांगितलं तर डॉक्टर लुबाडतायत असं समजू नका.

मृदुला, सासऱ्यांना सांगा, निगेटिव्ह एलायझावरून टीबीची औषधं सुरू करायची नसतात. आणि स्वतःहून मेडिकलमधून अल्बेंडाझोल (जंताचं औषध) आणून तर अजिबात देऊ नका. ते सुरू करायच्या आधी डोळ्याचा पडदा तपासतात, कारण डोळ्यात अळी असली आणि ती औषधाने मेली तर त्या सुजेने दृष्टी जाऊ शकते. मेंदूतही अळी मरताना सूज वाढते, म्हणून सोबत स्टिरॉइड असतं. फिटची गोळी मात्र एक दिवसही चुकवू नका. आणि पठ्ठ्याला सांगा, तूर्त लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, बाईक नाही, उपवन-येऊरला पोहणं नाही.

मृदुला_वर्तकनगर

अनुराधाताई, मनापासून आभार. गाठ ११ मिलिमीटर लिहिलीय, मध्य सरकल्याचं काही नाही. छातीचा एक्स-रे साफ होता. ठिपक्याबद्दल काही लिहिलेलं नाही, विचारते.

दारात उभं राहण्याचं वाचून दाखवलं. म्हणाला, "मग सकाळच्या गर्दीत ठाण्याला आत शिरायचं कसं ते पण विचार."

गंपू_घोडबंदर

शाकाहारी घरात आलं म्हणजे बाहेरून आलं. स्वयंपाकाला बाई आहे का? आधी तिची टेस्ट करून घ्या.

भटकी_मांजर

हे येणारच होतं. गंपूशेठ, बाईचीच का? तुमच्या ऑफिसच्या कँटीनमधल्या आचाऱ्याची केलीत का? सँडविचवाल्याची? शेजारच्या पार्टीत केटररने वाढलेल्या कोशिंबिरीची? धुणीभांडी करणारीच बरी सापडते प्रत्येक वेळी.

गंपू_घोडबंदर

मी काही वाईट अर्थाने नाही म्हटलं. संसर्गाचा उगम शोधायला नको का?

अनुराधा_नौपाडा

शोधायला हवा, पण नीट. अंडी येतात ती पोटात टेपवर्म असलेल्या माणसाच्या शौचातून. डुकरातून थेट येत नाहीत. अर्धकच्च्या डुकराच्या मांसातली अळी खाल्ली तर तुमच्या आतड्यात लांबलचक टेपवर्म वाढतो. त्याची अंडी शौचावाटे पडतात, हात, पाणी, कच्च्या भाज्या यांच्यामार्फत कोणाच्याही तोंडात जातात, आणि त्या दुसऱ्या माणसाच्या मेंदूत गाठ होते. म्हणजे मेंदूत गाठ होण्यासाठी मांस खावंच लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९९०-९१ मध्ये कर्मठ ज्यू समाजातल्या चार जणांना न्यूरोसिस्टिसरकोसिस झाला होता. डुक्कर त्यांना निषिद्धच. तेव्हा घरातल्या लोकांची आणि घरकामाला असलेल्यांची तपासणी झाली, आणि संसर्ग आला तो घरकामासाठी लॅटिन अमेरिकेतून आलेल्यांकडून असा निष्कर्ष निघाला.

तर गंपू, तुमचा तर्क अगदीच हवेतला नाही. पण तिथे सगळ्यांची तपासणी झाली. घरातला कोणीही वाहक असू शकतो, खुद्द रुग्णसुद्धा. आणि त्यासाठी करायची ती शौच तपासणी, ही रक्ताची नव्हे. कोणाला नोकरीवरून काढायचा तर प्रश्नच नाही. वाहक सापडला तर प्राझिक्वांटेल किंवा निक्लोसामाइडच्या एका डोसात बहुधा काम होतं.

रोझी_माजिवडे

आम्ही ईस्ट इंडियन ख्रिश्चन. नाताळाला घरात डुकराचं सोरपोतेल, इंद्याल असतंच, आणि आता ही बातमी वाचून शेजारणी माझ्याकडे बघतील :) अनुराधा म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे मटण असो की डुकराचं, मऊ होईस्तोवर शिजतं, दुसऱ्या दिवशी परत गरम होतं. नीट शिजलं की अळी मरते. ज्याला भीती वाटायची त्याने कच्च्या कोथिंबिरीची वाटावी.

माणदेशी

थोडं अवांतर, पण सूक्ष्मदर्शींनी हायडॅटिडचं नाव काढलं म्हणून.

वडील दहिवडीकडचे, घरची मेंढरं, कुत्री बरोबर असायचीच. आता ऐरोलीला माझ्याकडे असतात. पोटात उजवीकडे जड वाटायचं, सोनोग्राफीत यकृतात पाण्याची मोठी गाठ, आत पडदे. डॉक्टर म्हणाले हायडॅटिड, हाही टेपवर्मच्याच कुळातला पण कुत्र्याचा. एकायनोकोकस. कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी माणसाच्या पोटात गेली की यकृतात किंवा फुप्फुसात गाठ वाढते. रक्ताची एकायनोकोकस आयजीजी पॉझिटिव्ह आली. गंमत म्हणजे आधी एका लॅबने सिस्टिसरकसही केली होती (कोणी सांगितलं देव जाणे), तीही पॉझिटिव्ह. आम्हाला वाटलं म्हाताऱ्याला दोन दोन रोग.

सर्जनने त्या सिस्टिसरकसच्या कागदाची घडी करून बाजूला ठेवली. म्हणाले, हे भावकीतलं आहे, एकाला दुसरा दिसतो.

आता माझा प्रश्न. ऑपरेशन होऊन बराच काळ लोटला, सोनोग्राफी साफ आहे, तरी अँटीबॉडी अजून पॉझिटिव्ह. परत होतंय का?

सूक्ष्मदर्शी

माणदेशी, सोनोग्राफी साफ असेल तर केवळ आयजीजी पॉझिटिव्ह आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. आयजीजी वर्षानुवर्षं रक्तात राहते. बरं झाल्याचं मोजमाप म्हणून ही चाचणी कुचकामी, सिस्टिसरकसलाही आणि हायडॅटिडलाही. हायडॅटिडमध्ये सोनोग्राफीच राजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत गाठी सीई१ ते सीई५ अशा लावतात, आणि शेवटच्या दोन प्रकारच्या, म्हणजे निजलेल्या गाठींना त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. फुप्फुसातल्या गाठीत तर अँटीबॉडी कित्येकदा निगेटिव्हच असते.

जिवंत अळी आहे का हे पाहायचं असेल तर अँटीबॉडी नव्हे, अँटिजेन शोधणाऱ्या चाचण्या आहेत. अळीने सोडलेलं प्रथिन त्या थेट पकडतात, अळी मेली की आकडा उतरतो. सिस्टिसरकसच्या बऱ्याच गाठी असणाऱ्यांत औषध लागू पडलं का बघायला त्या कामाच्या. एकच गाठ असेल तर तिथेही हात आखडतो.

टपरीवाला_तत्त्वज्ञ

या विषयावर एक भयंकर गोष्ट वाचली होती. १८५५ साली क्युखेनमायस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला डुकराच्या मांसातल्या अळ्या जेवणातून खाऊ घातल्या, न सांगता. फाशीनंतर शवविच्छेदन केलं तर आतड्यात कोवळे टेपवर्म. डुकरातली अळी आणि माणसातला टेपवर्म एकच, हे त्यातून सिद्ध झालं. आज कोणी असा प्रस्ताव एथिक्स कमिटीपुढे ठेवला तर आधी त्यालाच आत टाकतील.

अपर्णा_जो

जेवताना वाचत होते. धन्यवाद.

नेरुळचे_काका

इतिहास निघालाच आहे तर. भारतात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना तिकडे गेल्यावर फिट्स यायच्या, हे बऱ्याच आधी लक्षात आलं होतं. डिक्सन आणि लिप्सकोम यांनी १९६१ मध्ये अशा ४५० रुग्णांचा अहवाल छापला. विलायतेला पोहोचल्यावर कित्येक वर्षांनी पहिली फिट आलेले त्यात आहेत. तेव्हा सीटी नाही, एमआरआय नाही. स्नायूंत चुना झालेल्या अळ्या एक्स-रेत तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसायच्या, त्यावरून ओळखायचे.

त्यामुळे मृदुलाताई, "गेल्या आठवड्यात त्याने बाहेर काय खाल्लं" हा शोध सोडून द्या. अंडी केव्हा गेली असतील याला काही धरबंद नाही.

राधिका_खारघर

प्लीज भाज्यांचं कोणी सांगेल का? रुळांकडेच्या पालक-माठाचं ऐकून आहे, नाल्याच्या पाण्यावर वाढवतात म्हणून. मी मीठ-हळदीच्या पाण्यात अर्धा तास ठेवते. आणि मुलाला शाळेत जंताची गोळी देतात तीच पुरते ना?

अनुराधा_नौपाडा

मीठ-हळदीने भाजीतल्या अळ्या बाहेर येतील, पण टेपवर्मची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि मिठाला भीक घालत नाहीत. उपयोग होतो तो वाहत्या पाण्याखाली पान न् पान चोळून धुण्याचा, आणि शिजवण्याचा. कोशिंबिरीचा कोबी, सॅलडची पानं, कोथिंबीर इथे जास्त लक्ष द्या. कोबीत किडा जन्माला येत नाही, खाडींनी एवढं लिहून ठेवावं.

शाळेतली गोळी, १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला देतात ती, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकच. गोलकृमी, आकडेकृमी, चाबूककृमी यांच्यासाठी. ती जरूर द्या. पण मेंदूतल्या गाठीचा तो उपचार नव्हे, तिथे अल्बेंडाझोल वजनाप्रमाणे, रोज, दहा-चौदा दिवस किंवा जास्त देतात, डॉक्टरच्या नजरेखाली.

खाडीपलीकडचा

लिहून ठेवलं. आज संध्याकाळी जांभळी नाक्यावरून कोबी आणतो, प्रायश्चित्त.

मृदुला_वर्तकनगर

अपडेट देते. मधल्या काळात दुसऱ्या एका न्यूरोलॉजिस्टची वेळ लवकर मिळाली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून सीडी स्वतः बघितली. एका कापात कडेला चिकटलेला ठिपका दाखवला. मला काही दिसला नाही, नवऱ्याला दिसला म्हणे. शिवाय साध्या सीटीत दुसरीकडे एक चुना झालेला कण सापडला. टेपवर्मचीच गाठ, टीबीचं औषध नको, असं स्पष्ट सांगितलं. डोळे तपासून झाले, स्वच्छ आहेत. आता अल्बेंडाझोल आणि स्टिरॉइडचा कोर्स, फिटची गोळी चालू, काही महिन्यांनी परत एमआरआय.

रक्ताबद्दल मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, "एका गाठीत निगेटिव्ह आली याचं मला नवल नाही. पॉझिटिव्ह असती तर थोडा धीर वाढला असता, निर्णय हाच राहिला असता." नवऱ्याने विचारलं दुसऱ्या लॅबमधून करायची का, तर नको म्हणाले.

सासरे गप्प आहेत. सासूबाई अजून "आपल्या घरात?" यावरच. आणि आता नवं संकट. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना शौच तपासणी सांगितलीय. सासूबाईंच्या हातात ती डबी द्यायची कोणी?

भटकी_मांजर

ज्याला त्यांनी पोटचा गोळा म्हणून लाडावलं त्याने. नवऱ्याला पाठव.

खाडीपलीकडचा

डबीवर "तीर्थ" लिहू नका म्हणजे झालं.

सूक्ष्मदर्शी

मृदुलाताई, डबीबद्दल कामाचं सांगतो. एका नमुन्यावर थांबू नका. अंडी रोज पडत नाहीत, त्यामुळे वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्या. फॉर्मवर 'टीनियासाठी' (टीनिया म्हणजे हा टेपवर्म) असं डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर रुटीनमध्ये घाईत उरकतात. कोणाला शौचात चपटे, पांढरे, शेवईच्या रुंद तुकड्यासारखे काही दिसलं तर ते फेकू नका, डबीत घालून आणा. नुसत्या अंड्यांवरून डुकराचा टेपवर्म की गाईचा हे सांगता येत नाही, दोन्हींची अंडी हुबेहूब सारखी. तुकडा मिळाला तर सांगता येतं, आणि फरक मोठा आहे: गाईच्या टेपवर्मच्या अंड्यांनी मेंदूत गाठी होत नाहीत.

झुंबर

मृदुलाताई, दिराला दारात न उभं राहता आत शिरता आलं का?

मृदुला_वर्तकनगर

सध्या घरूनच काम, ऑफिसने दिलंय. पुढचं पुढे.

नेरुळचे_काका

एक सांगायचं राहिलं. पुढच्या एमआरआयला नुसता कागद नेऊ नका, जुनी सीडी न्या, आणि जमलं तर त्याच सेंटरला जा. गाठ ११ ची ८ झाली की ११ ची ११ च आहे हे दोन फोटो शेजारी शेजारी लावल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. आमच्या वेळी सीडी घरी विसरली होती, मुलगा परत नेरुळला जाऊन घेऊन येईपर्यंत आम्ही वाशीत बसून होतो.